हॉर्न दिला होता

परवा भाचा संध्याकाळी घरी आला तो तणतणतच. हायवेवरच्या खांबावर बसवलेल्या कॅमेऱ्यानं त्याच्या गाडीचा फोटो काढला आणि वेग जास्त होता म्हणून दंड थेट मोबाइलवर आला. "मावशी, रस्ता रिकामा होता गं! कुणाला काही झालं का?" असं तो मलाच विचारत होता, जसा काही कॅमेरा मीच बसवलाय. मी म्हटलं, "भर मुकाट्यानं." चहा टाकायला उठले आणि डोक्यात शिरोडकर येऊन बसला. हा माणूस डोक्यात आला की माझा चहा उतू जातो. तसाच परवाही गेला.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. शिरोडकरला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला, पण हाताला काही लागत नाही. दात चांगले होते, एवढं कबूल करते. तेही दुसऱ्याला शिव्या घालतानाच दिसायचे. तोंडावर मी त्याला 'भाऊ' म्हणायचे, 'अहो-जाहो' करायचे. मनात काय म्हणायचे ते सोडा. आता लिहिताना मी त्याला अरेतुरेच करणार आहे. फार दिवस राहून गेलंय.

ऐंशीनंतरची वर्षं. आम्ही घाटकोपरला राहायचो. आमची गल्ली म्हणजे रस्ता कमी आणि अंगण जास्त. नळ रस्त्यावर, भांडी रस्त्यावर, पोरांचं क्रिकेट रस्त्यावर, उन्हाळा आला की खाटा टाकून पापड-कुरडयाही रस्त्यावरच. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजल्यांच्या इमारती, आणि गल्लीच्या तोंडाशी महिला मंडळाची एक खोली. तिथं दुपारपासून संध्याकाळपर्यंत शिवणाचा क्लास चालायचा. या सगळ्याच्या मधून दिवसातून दोन वेळा शिरोडकरची फियाट जायची. जायची कसली, सुटायची!

गाडी सेकंडहँड. अंधेरीच्या एका म्हाताऱ्या पारशाकडून घेतलेली. त्या पारशानं चावी देताना म्हणे बॉनेटवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. हे शिरोडकर हसत हसत सांगायचा. "बावाजी रडत होता रे, गाडीसाठी!" वर्ष व्हायच्या आत त्यानं त्या गाडीची अशी दशा केली की बावाजीनं पाहिली असती तर पोलिसांत गेला असता. पण गल्लीत तेवढी एकच गाडी. त्यामुळे शिरोडकर स्वतःला गल्लीचा मालक समजायचा.

गाडी चालवायची म्हणजे एक कोपर खिडकीबाहेर, एक हात हॉर्नवर आणि पाय अॅक्सिलरेटरवर. ब्रेक नावाची वस्तू त्याच्या मते बसवाल्यांसाठी असते. "ब्रेक मारला की लायनिंग झिजतं," तो समजावून सांगायचा. "हॉर्नचं काय झिजतं?" वळताना हात दाखवायचा नाही, दिवा लावायचा नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "आपण कुठं वळणार ते गावाला कशाला सांगायचं?" सिग्नल लाल असला तर आधी चौकीकडे बघायचा. हवालदार नसला की, "मग कसला लाल!" म्हणून निघायचा. आणि या सगळ्याच्या वर त्याचा एक वेद होता. "आपण हॉर्न दिला ना? आपली जबाबदारी संपली. पुढची त्याची."

समोर म्हातारा असो, पोर असो, डोक्यावर हंडा घेतलेली बाई असो, हॉर्न दिला की हा मोकळा. माणूस सरकला तर त्याचं नशीब, नाही सरकला तर त्याचा गुन्हा. कुणी बोललं की राग अनावर व्हायचा, आणि राग आला की मालवणी बाहेर पडायची. "गाडी काय उभी करून ठेवूक घेतलंय?" असं खिडकीतून ओरडून तो निघून जायचा.

एकदा तळमजल्यावरच्या गोदामावशींची खाट त्यानं उडवली. खाटेवर उडदाचे पापड. सकाळपासून चार बायका लाटत बसल्या होत्या. गाडी पुढे जाऊन थांबली, हा खाली उतरला, पुढच्या चाकाला चिकटलेला पापड त्यानं सोलून काढला आणि म्हणाला, "मी हॉर्न दिला होता."

गोदामावशी लाटणं घेऊनच आल्या. "अरे मेल्या, पापडांना कान असतात काय?"

गल्ली खो खो हसली. शिरोडकरनं मात्र खाटेच्या लाकडानं रंग उडाला म्हणून मावशींकडूनच भरपाई मागितली. असा माणूस.

मी साकीनाक्याला एका पंपांच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते, आणि माझं दुर्दैव असं की शिरोडकरही तिथंच, परचेस खात्यात. बस चुकली की नाइलाजानं त्याच्या गाडीत बसावं लागे. मी बौद्ध घरातली, देवाधर्माचं नाव घेत नाही, पण असल्फ्याच्या उतारावर मी कुणाकुणाची नावं घेतली ते माझं मला माहीत. डोळे उघडे ठेवले तर समोरचा ट्रक दिसायचा आणि मिटले तर नुसता हॉर्न ऐकू यायचा. कारखान्याच्या गेटाशी उतरले की वर हा म्हणायचा, "बघ मंदा, गाडी होती म्हणून पोचलीस." मी जिवंत पोचले याचंही श्रेय त्यालाच.

आता कॅमेऱ्याचं सांगते. तेव्हा हायवेवर मधूनच कधी तरी पोलीस एक यंत्र घेऊन उभे राहायचे. तीन पायांच्या स्टँडवर एक डबा. तो गाडीचा वेग मोजायचा, पण सगळे त्याला कॅमेराच म्हणायचे, आणि शिरोडकरची तर पक्की खात्री होती की त्यात नंबर प्लेटचा फोटो निघतो. यावर त्यानं उपाय काढला. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो. दुसऱ्या दिवशी सुकतो, आपण काढून टाकतो. शिरोडकरनं काढला नाही. उलट सैल करून असा खाली सोडला की नंबर झाकला जाईल. हार सुकला की नवा. दसरा गेला, दिवाळी गेली, होळी आली, तरी याची गाडी आपली नवरीसारखी नटलेली. देवधर्माचा माणूस म्हणून कारखान्यात लोक त्याला मान द्यायला लागले.

एका रविवारी मुलुंडला कुणाची तरी मुंज होती. शिरोडकर, त्याची बायको सुमनवहिनी आणि मागच्या सीटवर वहिनींशेजारी मी. हायवेला लागल्यावर त्यानं गाडी अशी सोडली की बोलायची सोय राहिली नाही. विक्रोळीच्या पुढे तो डबा उभा. याला दिसेपर्यंत उशीर झाला होता. हवालदारानं हात आडवा केला आणि गाडी बाजूला घ्यायला लावली.

"नंबर कुठाय?" हवालदार.

"हाराखाली."

"मग काढा हार."

"देवाचा हार आहे, साहेब. तुम्हाला काढायचा तर तुम्ही काढा." आणि शिरोडकर हात बांधून उभा राहिला.

हवालदार बिचारा नवीन असावा. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग हाताऐवजी काठीनं हार उचलायला गेला. सुतळी जुनी, हार तुटला. सगळी फुलं रस्त्यावर. झालं! शिरोडकरनं असा गळा काढला की वाटावं घरचं कुणी गेलं. "देवाच्या हाराला काठी लावली! काठी लावली हो!" दोन रिक्षा थांबल्या, एक टेम्पो थांबला, बघता बघता गर्दी झाली. याची गाडी किती वेगात होती हे कुणी विचारलं नाही. सगळे त्या हवालदारालाच बोलायला लागले. शेवटी त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "जावा हो तुम्ही."

गाडीत बसल्यावर शिरोडकर हसून हसून लाल झाला. पुढे मुलुंड येईपर्यंत समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो दिवे मारत होता, पुढे पोलीस आहेत हे सांगायला. "हा धर्म आहे, मंदा. एकमेकांना सांभाळायचं." रस्त्यात पडलेल्या माणसासाठी हा कधी थांबला नाही. मी स्वतः बघितलंय, पवईच्या रस्त्यावर सायकलवाला पडला होता, तर यानं हॉर्न देऊन त्याला वळसा घातला. पण पोलिसाच्या हाती कुणी सापडू नये म्हणून याचा जीव तुटायचा. थू!

त्या दिवशी आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शिरोडकर पुढून म्हणाला, "काय गो, कसा फसवला त्याला?" आणि वहिनी हसून म्हणाल्या, "हो, हो." थोड्या वेळानं तो म्हणाला, "पाण्याची बाटली दे." वहिनी पुन्हा, "हो, हो," आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मी दिवसभर फोनवर बोलणारी बाई. लाइन खराब असली आणि ऐकू येत नसलं की माणूस काय करतो हे मला पाठ आहे. तो आधी 'काय' म्हणतो, मग 'जरा मोठ्यानं' म्हणतो, आणि शेवटी लाज वाटून 'हो, हो' म्हणायला लागतो. वहिनी शेवटच्या पायरीवर होत्या. पाण्याची बाटली मीच पुढे दिली.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून लवकर निघून शिवणाच्या क्लासवर गेले. तो क्लास सुमनवहिनीच चालवायच्या. आजूबाजूच्या झोपडपट्टीतल्या पोरी यायच्या, कुणी परकर शिकायचं, कुणी ब्लाउज. घरात आवाज न करणारी ही बाई तिथं राणी होती. कात्री हातात घेतली की चेहराच बदलायचा. मी समोर बसले आणि ओठ नीट हलवून हळूच म्हटलं, "वहिनी, ऐकू येत नाही ना?"

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग माझा हात धरला. "ह्यांना सांगू नकोस गं. घरी बसवतील मला. हा क्लास बंद करतील."

"पण इथं काम कसं करता?"

त्यांनी माझा हात चालू मशीनवर ठेवला. "दोरा तुटला की हाताला कळतं," म्हणाल्या. "पोरींना माहीत आहे. पोरी समोर येऊन बोलतात. ते एकटेच समोर येऊन बोलत नाहीत, म्हणून त्यांना अजून कळलं नाही."

डॉक्टरकडे त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या. उजवा कान गेलेला, डावाही जात आलेला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि शिरोडकर? तो कारखान्यात छाती फुगवून सांगायचा, "बायको असावी तर अशी. मी खालून हॉर्न देतो ना डब्यासाठी, तर त्याच्या आधीच ही जिन्यात उभी!" बायकोला हॉर्न ऐकू येत नाही म्हणून ती बिचारी घड्याळाकडे बघून आधीपासून येऊन उभी राहते, हे त्या शहाण्याच्या डोक्यात कसं शिरावं? मला ते ऐकून त्याच्या अंगावर फोन फेकावासा वाटायचा. पण मी शब्द दिला होता, गप्प बसले. फक्त एक भीती मनात घर करून राहिली. वहिनी रोज क्लासला जायच्या-यायच्या त्या याच गल्लीतून, आणि हाही याच गल्लीतून.

व्हायचं ते पावसाळा संपताना झालं. संध्याकाळची वेळ, मी त्याच्या गाडीत मागे बसलेले. मोठ्या रस्त्यावरून गाडी गल्लीत वळली ती त्याच वेगात. क्लास नुकताच सुटला होता. कडेला सगळा चिखल, म्हणून एक बाई रस्त्याच्या मधून चालली होती, आमच्याकडे पाठ करून, हातात कापडाची मोठी पिशवी. शिरोडकरनं हॉर्नवर हात ठेवला. बाई सरकली नाही. त्यानं हात काढला नाही आणि पायही काढला नाही.

पिशवी मी ओळखली.

"भाऊ, ब्रेक! वहिनी आहेत!"

"हॉर्न दिलाय. सरकेल."

"अहो, त्यांना ऐकू येत नाही!" मी किंचाळले. "बहिऱ्या झाल्यात त्या! ब्रेक मारा!"

त्या क्षणी त्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. समोर बायको आणि हा मागे बघतोय! मी त्याच्या खांद्यावर दोन्ही हातांनी मारलं, तेव्हा कुठं त्याचा पाय ब्रेकवर गेला. गाडी चिखलात घसरत गेली आणि थांबली. बंपर पिशवीला लागला. पिशवी उडाली, पोरींनी बेतलेले ब्लाउजचे तुकडे सगळीकडे पसरले. वहिनी धक्क्यानं गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. गाडीचं नाक त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं.

मला वाटलं, हा आता धावेल, तिला उचलेल, निदान बोबडी तरी वळेल. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "अगो, हॉर्न देत होतंय ना मी!"

वहिनींनी त्याच्या ओठांकडे बघितलं. काय म्हणाला ते त्यांना बरोबर कळलं. त्या उठल्या, चिखलातला एकेक तुकडा उचलला आणि पिशवीत भरला. गोदामावशी आणि मी धावलो. शिरोडकर गाडीतच बसून होता. मागच्या बाजूला एक रिक्षा अडली होती, तिनं हॉर्न दिला, तर हा तिच्यावर खेकसला.

तर अशा रीतीनं वहिनींचं गुपित मी फोडलं. मला त्याची अजिबात खंत नाही. परत वेळ आली तर परत ओरडेन.

आता कुठल्याही शहाण्या माणसानं काय केलं असतं? गाडी हळू चालवली असती. शिरोडकरनं काय केलं? साकीनाक्याच्या एका गॅरेजात जाऊन ट्रकचा हॉर्न बसवून घेतला. मोठा हॉर्न! शपथ घेऊन सांगते. बायकोला लहान हॉर्न ऐकू येत नाही, म्हणजे हॉर्नच कमी पडतोय, असा त्याचा हिशोब. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांच्या हातातली चहाची बशी पडली, पाळण्यातली पोरं रडायला लागली. वहिनी जिन्यात उभ्या होत्या त्या तशाच उभ्या. तीन वेळा वाजवून त्यानं वर पाहिलं. त्यांनी मान हलवून 'नाही' म्हटलं. गल्लीतल्या सगळ्यांचे कान गेले असते तरी त्या हॉर्ननं त्यांचा एक कान परत येणार नव्हता.

मग त्यानं क्लास बंद करायचं फर्मान काढलं. त्याचं घर माझ्या घराला लागूनच, भिंती पातळ, मला शब्दन् शब्द ऐकू आला. "ऐकू येत नाही तर रस्त्यावर जायचं कशाला?"

वहिनींचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला. "मी रस्ता ऐकायला जात नाही. चालायला जाते."

"आणि उद्या कुणी उडवलं तर?"

"कुणी म्हणजे कोण? आजपर्यंत एकच जण उडवायला आलाय."

 मी इकडे ताट हातात धरून उभी. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हातात ताट होतं.

वहिनी क्लासला जातच राहिल्या. फरक एवढाच की चिखल असो नसो, त्या आता रोज गल्लीच्या मधोमध चालायला लागल्या. "कडेनं गेले तर त्यांना वाटतं, वाट मिळाली," त्या मला म्हणाल्या. "मधून गेले की थांबावंच लागतं."

आणि तो थांबायचा. वहिनी दिसल्या की ब्रेक मारायचा. पण फक्त वहिनींसाठी! बाकीच्यांसाठी तोच ट्रकचा हॉर्न आणि तोच वेग. माणूस सुधारला, असं कुणाला वाटत असेल तर थांबा, अजून ऐका. त्याची पंचाईत अशी झाली की पाठमोरी बाई लांबून कळायची नाही. गल्लीत पंचवीस बायका, सगळ्यांच्या सुती साड्या, सगळ्यांचे अंबाडे. कुठली पाठ आपल्या बायकोची? म्हणून प्रत्येक पाठीमागे गाडी हळू करावी लागायची. याचा त्याला असा काही त्रास व्हायला लागला की विचारू नका.

त्यावरही त्यानं डोकं चालवलं. साकीनाक्याच्या कुठल्याशा गोडाउनमधून एक अख्खा तागा घेऊन आला. टॅक्सीच्या टपासारखं भडक पिवळं कापड. तो वहिनींपुढे टाकून म्हणाला, "याचे ब्लाउज शिव. रस्त्यावर जाताना हेच घालायचं. म्हणजे मला लांबून कळेल." मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते, माझ्या देखत म्हणाला. आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाला, "काय मंदा, आयडिया कशी आहे? पिवळं दिसलं की ब्रेक. नाही तर आपली गाडी चालू." म्हणजे बाकीचे मेले तरी चालतील, फक्त पिवळं वाचवायचं. मी विरजण तिथंच विसरून आले.

वहिनींनी कापडावरून हात फिरवला, कड बघितली, वीण बघितली. "कापड चांगलं आहे," एवढंच म्हणाल्या.

अरे गाढवा, शिवणाच्या बाईला कुणी अख्खा तागा आणून देतं का? महिनाभर क्लासमध्ये त्याच कापडावर शिक्षण चाललं. पोरी कटोरी शिकल्या, बाह्या शिकल्या, मागचा गोल गळा शिकल्या. गोदामावशींनी दोन शिवून घेतले, पापड लाटायला आलेल्या बायकांनी एकेक. पोरींनी आपल्या आयांना दिले, मावश्यांना दिले. उरलेल्या तुकड्यांच्या लहान पोरांसाठी बंड्या निघाल्या. माझ्याही वाट्याला एक आला. असला भडक रंग मी जन्मात घातला नसता, पण तो मी अगदी मिरवत घातला.

आणि मग एका सोमवारी संध्याकाळी शिरोडकरची गाडी गल्लीत वळली. समोर सगळं पिवळं. नळावर पिवळं, पापडांच्या खाटेशी पिवळं, रस्त्याच्या मधून हंडा घेऊन चाललेलं पिवळं. त्यानं हॉर्न दिला. कुणी वळलं नाही. परत दिला. गोदामावशी चालत चालत मागे न बघता म्हणाल्या, "काय करू बाबा, मलापण ऐकू येईना झालंय." कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या दिवसापासून शिरोडकरचा हॉर्न वाजला की आमची सगळी गल्ली ठार बहिरी. दुसऱ्या कुणी हॉर्न दिला तर लगेच बाजूला व्हायची.

तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "लोक मुद्दाम करतात, मंदा. सगळे नाटकी आहेत." मी म्हटलं, "असतील. पण भाऊ, त्यातलं एक माणूस खरं आहे. कुठलं ते तुम्ही ओळखा." माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मीच त्याची गाडी चोरलीय. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं काय चुकलं. वाईट याचं वाटतं की तो मूर्ख नव्हता. परचेसमध्ये त्याला कुणी फसवू शकत नसे. फक्त गाडीबाहेरची माणसं याला माणसं वाटतच नव्हती.

पुढे त्याला कारखान्यानं कर्ज दिलं आणि त्यानं बोरिवलीला फ्लॅट घेतला. जायच्या आधी दोन-चार दिवस, क्लास सुटल्यावर मी वहिनींबरोबर घरी निघाले होते. त्यांचा डावा कानही एव्हाना पुरता गेला होता. बोरिवलीलाही बायकांचं मंडळ आहे, तिथं मशीन मांडायची परवानगी मिळाली आहे, असं त्या मला सांगत होत्या. बहिरी माणसं बोलतात तशा जरा जास्तच मोठ्यानं. अंगात पिवळा ब्लाउज. पोरीही पिवळ्यातच, निरोपाच्या गप्पा मारत पुढे चाललेल्या, आम्ही दोघी रस्त्याच्या मधोमध.

मागून इंजिनाचा आवाज आला. मी वळून पाहिलं. फियाट. पहिल्या गिअरमध्ये, आमच्या पावलांच्या वेगानं येत होती. शिरोडकरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, पाठ सीटपासून सुटलेली, मान पुढे काढलेली. हॉर्नवर हात नव्हता. तो माझ्याकडे बघत नव्हता. पुढच्या चार-पाच पिवळ्या पाठींवरून त्याचे डोळे सारखे फिरत होते आणि कपाळावर घाम होता. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला घाबरलेला पहिल्यांदाच बघत होते. मला त्याची दया आली असती तर बरं झालं असतं. पण नाही आली. असाच घाबर, म्हटलं, रोज घाबर, मरेपर्यंत घाबर.

वहिनींनी माझी मान मागे वळलेली पाहिली.

"तेच आहेत का गं मागे?"

मी मान हलवली.

त्यांनी मागे बघितलं नाही. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मोकळ्या हातानं माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "मग सावकाश चल."